पट्टी एकदम भरणारा नकलनवीस

दहा ऑक्टोबर १७०२. नऊ लिव्र बारा सू.

एवढी रक्कम निकेज ओबूरने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. मोठी नाणी डावीकडे, लहान उजवीकडे, आणि प्रत्येक चवड सारख्या उंचीची. मग हात पुसून तो म्हणाला, "मोजून घ्या."

समोर तीन माणसे उभी होती. राजाची पट्टी वसूल करण्याची पाळी यंदा ज्यांच्यावर आली होती ते बेलमार गावचेच तीन शेतकरी. ही पाळी दर वर्षी फिरत असे आणि ती कोणालाच नको असे, कारण गावावर लावलेली रक्कम पुरी भरली नाही तर वसुलीवाल्यांनाच कोठडीत बसावे लागे. तिघांनी मिळून फिरायचे ही रीत होती. एकट्याला मार पडतो, दोघे संगनमत करतात, तिघे असले की एकमेकांवर नजर ठेवतात. त्यांच्यातला पुढचा एलुआ पिगाश. रुंद खांद्यांचा, एक डोळा बारीक करून बोलणारा, आणि निकेजचा लहानपणचा सोबती.

पिगाशने नाण्यांकडे पाहिले, मग निकेजकडे, मग पुन्हा नाण्यांकडे.

"हे काय आहे?"

"पट्टी."

"ते दिसतंय. किती?"

"यादीत आहे तेवढी. नऊ लिव्र बारा सू. वीस सूंचा लिव्र धरून."

"चारही हप्ते?"

"चारही."

"आज?"

"मग कधी? देणं आहे ते देऊन टाकायचं. मी पावतीही लिहून ठेवली आहे, तू फक्त खाली सही कर."

मागच्या दोघांपैकी एकाने नकळत डोक्यावरची टोपी काढली. पिगाशने खिसे चाचपले.

"आम्ही थैली आणलेली नाही," तो म्हणाला.

"वसुलीला निघालात आणि थैली नाही?"

"पहिल्या फेरीला थैली कोण आणतं? पहिल्या फेरीला शिव्या मिळतात. दुसऱ्या फेरीला दार बंद असतं. तिसऱ्या फेरीला एखादा सू मिळाला तर मिळाला." पिगाश पुढे वाकून हळूच म्हणाला, "निकेज, आपण दोघं एका ओढ्यात डुंबलोय, म्हणून विचारतो. तुझी तब्येत बरी आहे ना?"

निकेजने त्यांना एक फडके दिले. पैसे त्यात बांधून तिघे गेले. जाताना फाटकाजवळ त्यांना निकेजची थोरली बहीण बार्ब भेटली. ती कुरणावरून रूसला घेऊन येत होती. रूस म्हणजे तिची तांबूस गाय. तिघांनीही बार्बला टोप्या काढून नमस्कार केला. बार्ब या गावात पंचावन्न वर्षे राहिली होती आणि वसुलीवाल्यांनी तिला टोपी काढून नमस्कार केल्याचे तिला आठवत नव्हते. तिने गाय तशीच दारात सोडली आणि ती आत धावली.

"काय केलंस रे?"

"पट्टी भरली, ताई."

"किती?"

"सगळी."

बार्ब चुलीजवळच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "मेहुण्याने तुझ्या एकवीस वर्षं या घरात संसार केला. पण असा दगा त्याने मला कधी दिला नाही."

निकेजला काही कळले नाही. देणे फेडण्यात दगा कुठे आला?

निकेजचे सगळे आयुष्यच देण्याघेण्याचे कागद नीट लावण्यात गेले होते. बाप गावात छपरे शाकारायचा. मुलाचे हात नाजूक आणि डोके उंचीवर गरगरणारे, म्हणून पाद्रीबाबांनी त्याला अक्षर शिकवले आणि चौदाव्या वर्षी रुआं शहरात एका दस्त लिहिणाऱ्याकडे ठेवले. पुढे त्याचे अक्षर पाहून तिथल्या एका न्यायाधीशाने त्याला आपला नकलनवीस म्हणून घेतले. तिथे त्याने एकोणीस वर्षे काढली.

न्यायाधीश सकाळी कचेरीत निवाडे द्यायचे आणि दुपारी घरी येऊन देशाचे काय बिघडले आहे ते सांगायचे. खोलीत फेऱ्या घालत, टेबलावर मूठ आपटत, विग बाजूला फेकून देत ते बोलायचे आणि निकेज लिहायचा. धान्य फार महाग झाले तर शहर मरते आणि फार स्वस्त झाले तर खेडे मरते. सोने-चांदी म्हणजे संपत्ती नव्हे, पोटात जाते आणि अंगावर येते ती संपत्ती. पैसा नुसता हरकाम्या, त्याने धावत राहावे. एकाने खर्च केला तरच दुसऱ्याची कमाई. धंदे एकमेकांत माळेसारखे ओवलेले आहेत आणि राज्यकर्त्यांनी मधेच बोट घातले की माळ तुटते. दर पानाच्या सहा नकला व्हायच्या. त्या मोठमोठ्या मंत्र्यांकडे जायच्या. उत्तर येत नसे. एकदा आले, त्यात न्यायाधीश वेडे आहेत असे सभ्य शब्दांत लिहिले होते. त्याचीही नकल निकेजनेच फाइलला लावली.

निकेजला त्या पानांचा अभिमान होता. मजकुराचा नव्हे, पानांचा. समास सरळ, ओळी समान, शाईचा एक डाग नाही. मजकूर कशाबद्दल आहे असे कोणी विचारले असते तर तो म्हणाला असता, "महत्त्वाचा आहे." नकल करताना वाचायचे नसते, नाहीतर ओळ सुटते, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता.

मेहुणा वारला तेव्हा बार्बने निरोप धाडला. घर, अकरा सफरचंदाची झाडे आणि रूस, एवढे एकटीला झेपत नव्हते. निकेजने चौसष्ट लिव्र साठवले होते. त्याने न्यायाधीशांचा निरोप घेतला, डाग पडून वाया गेलेले जाड कागद रद्दी म्हणून मागून घेतले, आणि जुलैत तो बेलमारला परतला. घरचा पुरुष म्हणून यादीत त्याचे नाव चढले.

पट्टी भरल्यानंतरच्या आठवड्यातच गाव त्याच्याशी वेगळे वागू लागले. खाटीक स्वतः येऊन वासराची मांडी हवी का विचारून गेला. शेजारची तोमासकाकू, कोपराला भोक पडलेल्या अंगरख्यात, उंबऱ्यावर बसून म्हणाली, "न्यायाधीशाने मरताना बरंच ठेवलं म्हणे तुला."

"काकू, ते जिवंत आहेत."

"जिवंतपणी दिलं? मग तर फारच दिलं असणार."

निकेजने हसून सोडून दिले. त्याला घराचे बघायचे होते. छप्पर काळे पडून गळत होते. बापाचे काम त्याला ऐकून माहीत होते, म्हणून मनात भीती धरूनच तो शिडीवर चढला आणि दोन महिने खपून त्याने राय नावाच्या धान्याच्या नव्या पेंढ्याने घर शाकारले. काम झाल्यावर रस्त्यात उभा राहून त्याने बघितले. सगळ्या करड्या छपरांत त्याचेच ताज्या लोण्यासारखे पिवळे दिसत होते.

"शेवाळ तरी लाव त्याला," बार्ब म्हणाली.

"नव्या छपराला शेवाळ?"

"आणि ते लोण्यात तळणं बंद कर. तळायचंच असेल तर आधी दार लाव. वास रस्त्यापर्यंत जातो."

मग त्याच्या एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली, पण त्यांचा अर्थ लागेना. गावात कोणाच्याही पुढच्या खिडकीची काच धड नव्हती, मागच्या खिडक्यांच्या मात्र होत्या. तोमासकाकूच्या फाटक्या अंगरख्याखाली, ती वाकली की, निळ्या लोकरीचा चांगला झगा दिसायचा. पिगाशने घोडी विकली होती आणि तो बायकोसह स्वतः गाडी ओढायचा. का विकली, तर "उगाच डोळ्यात येते." दुष्काळ नव्हता. झाडे सफरचंदांनी वाकली होती. तरी सगळे गाव असे राहत होते, जणू रात्रीतून कोणी लुटून नेले आहे.

पुढच्या वर्षी, म्हणजे १७०३ च्या ऑक्टोबरात, रविवारच्या प्रार्थनेनंतर कोणत्या घरावर किती ते वसुलीवाल्यांनी ठरवून केलेली नवी यादी चर्चच्या दारात वाचली गेली. वाचणारा पुन्हा पिगाशच. यंदा ज्याची पाळी होती तो सप्टेंबरातच लांबच्या गावी मावशीला बघायला गेला होता. मावशी गेल्या पाच वर्षांपासून मरायला टेकली होती आणि दर सप्टेंबरात तिला कोणीतरी बघायला लागे.

पिगाश एका सुरात वाचत होता. "ओबूर, निकेज. तेवीस लिव्र चार सू."

निकेज पुढे झाला. "एलुआ, पुन्हा वाच. ओळ चुकली असेल."

"ओबूर, निकेज," पिगाशने कागदावरून डोळे न उचलता म्हटले, "तेवीस लिव्र चार सू."

तेवढ्यात निकेजच्या खांद्यावर कोणीतरी थाप मारली. मग दुसऱ्याने. एक म्हातारा त्याचा हात दोन्ही हातांत धरून पाणावल्या डोळ्यांनी "देव तुला भरपूर देवो" म्हणाला. दुपारी तोमासकाकू सहा अंडी घेऊन आली.

"काकू, अंडी कशाला?"

"राहू दे रे बाळा. तुझ्यामुळे माझे चार सू वाचले. माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात जमलं नाही ते."

निकेजची तेवीस लिव्र चार सू भरायला ना नव्हती. थैलीत तेवढे होते. त्याला फक्त चूक शोधायची होती. चूक सापडली की सगळे जागेवर येते, हा त्याचा एकोणीस वर्षांचा अनुभव होता. दुसऱ्या दिवशी तो पिगाशच्या घरी गेला, यादी मागून घेतली आणि बोटाने ओळी मोजत त्याने बेरीज केली. गावाची एकूण रक्कम सहाशे चाळीस लिव्र. मागच्या वर्षीही तेवढीच. घरे एकोणसत्तर. त्याच्या नावावर तेरा लिव्र बारा सू चढले होते आणि बाकीच्या अडुसष्ट घरांचे चार चार सू उतरले होते. अडुसष्ट चोक दोनशे बहात्तर सू, म्हणजे तेरा लिव्र बारा सू. त्याने तीनदा बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. इतका निराश तो कधी झाला नव्हता.

"असणारच. रात्रभर बसलो होतो."

"पण एलुआ, माझं उत्पन्न वाढलेलं नाही. गाय एकच, झाडं अकराच."

"उत्पन्न कोण बघतं? मी माझं बघतो." पिगाशने दोन पेले सफरचंदाची दारू ओतली. "सहाशे चाळीस आणले नाहीत तर मी आत जाणार. मग मी कोणावर लावू? जो देतो त्याच्यावर. जो देत नाही त्याच्यावर पन्नास लावले तरी मला मिळणार शिव्याच. तू तर मोजून, चवडी लावून देतोस. पावतीसुद्धा स्वतः लिहितोस. सगळ्या गावात तूच एक माझा आधार."

"म्हणजे मी वेळेवर भरली म्हणून वाढली?"

"मग काय मी तुझ्यावर रागावलोय?"

"आणि यंदाही वेळेवर भरली तर?"

पिगाशने डोळा बारीक केला आणि दारू प्यायली.

उत्तर घरी बार्बने दिले. "यंदा थैली जाईल. पुढच्या वर्षी पन्नास लावतील आणि रूस जाईल. रूस गेली की दूध गेलं, लोणी गेलं, बाजारात न्यायला काही उरणार नाही. मग मी या वयात कोणाच्या घरी भांडी घासू?"

"मग करायचं काय?"

"सगळं जग करतं तेच. द्यायचं नाही."

"देणं असून?"

"द्यायचं, पण देताना दिसायचं नाही. अकरा सूंच्या वर एका वेळी हात उघडायचा नाही. ते देतानाही रडायचं."

पण पट्टी थकली की वसुलीवाले गाय ओढून नेऊ शकत होते. त्याचा तोडही गावात जुना होता. पाद्रीबाबांना पट्टी नसते आणि त्यांच्या मालाला वसुलीवाले हात लावू शकत नाहीत. म्हणून बार्ब पाद्रीबाबांकडे गेली, वर्षाला दोन पौंड लोणी कबूल केले, आणि येऊन निकेजला म्हणाली, "लिही. तांबूस गाय, कपाळावर पांढरा ठिपका, पाद्रीबाबांच्या मालकीची, बार्बकडे फक्त सांभाळायला दिलेली."

"ताई, हे खरं नाही."

"तुला खरं लिही म्हटलं का? सुवाच्य लिही म्हटलं."

निकेजने लिहिले. समास सरळ, ओळी समान. पाद्रीबाबांनी खाली सही केली. बेलमारमधली सगळ्यात देखणी लबाडी त्या कागदावर होती. पुढचे चार दिवस निकेजला जेवण गेले नाही.

पहिल्या फेरीला तिघे आले तेव्हा निकेज मेहुण्याचा ठिगळांचा कोट घालून दारात उभा राहिला. तो पायांकडे बघत पुटपुटला, "पैसे नाहीत." कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला होता.

"जरा मोठ्याने," पिगाश कुजबुजला. "मागच्या दोघांना ऐकू गेलं नाही."

"पैसे नाहीत!"

"आणि मला काहीतरी म्हण."

"काय म्हणू?"

"रक्तपिपासू म्हण. चोर म्हण. माझ्या आईवरून काही म्हण, ती वारली आहे, तिला काही वाटणार नाही."

"एलुआ, तुझी आई मला भाकरी द्यायची."

"अरे म्हण की!" आतून बार्ब ओरडली, आणि निकेजच्या ऐवजी तिनेच पिगाशच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. पिगाशने समाधानाने मान हलवली. मग त्याने गायीकडे बोट दाखवले, निकेजने कागद पुढे केला, पिगाशने तो वाचला. अक्षर कोणाचे आहे हे सगळ्या गावाला माहीत होते. "पाद्रीबाबांची गाय," तो सोबत्यांना म्हणाला. "आपल्या हातात काही नाही." तिघे अकरा सू घेऊन गेले.

हिवाळा संपेपर्यंत निकेजने असे आठ वेळा अकरा अकरा सू दिले. आठव्या वेळेला तो न चाचरता 'चोर' म्हणाला.

आणि फेब्रुवारीत पिगाशला कोठडीत टाकले.

तिघा वसुलीवाल्यांनी गावाचे तीन भाग वाटून घेतले होते. ज्याचा भाग कमी भरला त्याने आत बसायचे. पिगाशच्या भागात सव्वीस लिव्र कमी पडत होते. पट्टीच्या कचेरीचे गाव चार कोसांवर. निकेजने थैलीतले उरलेले सत्तावीस लिव्र कोटाच्या आत बांधले, बार्बने दिलेला चीजचा गोळा रद्दीच्या जाड कागदात गुंडाळला आणि तो चालत निघाला. बार्बला त्याने एवढेच सांगितले की चीज पोचवून येतो.

कोठडी म्हणजे कचेरीमागची एक बुटकी खोली. आत दुसऱ्या गावांचे चार वसुलीवाले पत्ते खेळत होते. पिगाश भिंतीला टेकून बसला होता. निकेजला बघून त्याला आनंद झाला.

"ये, बस. इथे ऊब आहे. शेगडीचा खर्च आपल्यालाच द्यावा लागतो, पण ऊब आहे. बायको कशी आहे माझी?"

"गाडी एकटी ओढते आहे," निकेज म्हणाला.

पिगाशने कागदातून चीज सोडले, एक तुकडा तोंडात टाकला आणि कागद फेकायच्या आधी सवयीने त्यावरून नजर फिरवली. त्याला वाचायला वेळ लागे. ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत तो वाचू लागला.

"गावचा माणूस पट्टी थकवतो ती पैसा नाही म्हणून नव्हे. वेळेवर भरली तर पुढल्या वर्षी वाढते म्हणून." पिगाशने चघळणे थांबवले. "म्हणून तो गाय घ्यायच्या ऐवजी पैसा चुलीखाली पुरतो. त्याने गाय घेतली नाही म्हणून गाय विकणाऱ्याने जोडे घेतले नाहीत, जोडेवाल्याने कापड घेतलं नाही, कापडवाल्याने सूत घेतलं नाही. एक नाणं चुलीखाली गेलं आणि बारा घरं थांबली."

त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.

"हा माणूस आपल्या गावात कधी येऊन गेला?"

"कधीच नाही."

"मग हे कोणी लिहिलं?"

"मी. म्हणजे त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. खाली डाग पडला म्हणून हे पान वाया गेलं. चांगल्या सहा नकला वर पाठवल्या."

"सहा वेळा लिहिलंस?"

"सात. ही धरून."

"आणि मग घरी येऊन सगळी पट्टी एकदम भरलीस?"

निकेजने कागद हातात घेतला. अक्षर त्याचेच होते. ओळी समान होत्या. तो पहिल्यांदा ते पान वाचत होता. त्यात पिगाश होता, काकूचा निळा झगा होता, बंद दारामागचे तळण होते, आणि चवडी लावून बसलेला तो स्वतःही होता. सगळे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि त्यातले काहीही त्याला माहीत नव्हते. त्याला गरगरल्यासारखे झाले, शिडीवर व्हायचे तसे.

मग तो ज्यासाठी आला होता ते त्याला आठवले. त्याने कोटाचे बटण काढले. "एलुआ, किती कमी आहेत? सव्वीस ना? त्यातले अठरा लिव्र सोळा सू माझेच आहेत. उरलेलेही मी भरतो. सत्तावीस आणलेत. आज सुटशील."

पिगाशने त्याचा हात कोटाच्या आतच घट्ट दाबून धरला आणि पत्ते खेळणाऱ्यांकडे चोरून बघितले.

"काढू नकोस! वेडा आहेस का?"

"तुला सोडवायला—"

"ऐक. मी तुझ्या पैशाने सुटलो तर गावाला काय कळेल? पिगाशला कोंडलं की निकेज पैसे काढतो, हे कळेल. मग पुढच्या वर्षी जो वसुलीला असेल तो पहिल्याच दिवशी इथे येऊन बसेल. फिरेल कशाला? आणि पुढच्या वर्षी यादी माझ्या हातात नाही. ते तुझ्यावर साठ लावतील. रूस जाईल. पाद्रीबाबांचा कागद चार गायींना पुरतो, साठ लिव्रना नाही पुरत."

"पण तू इथे माझ्यामुळे आहेस."

"इथे दर वर्षी कोणीतरी असतंच. यंदा मी बसलो म्हणून तुझी किंमत उतरतेय. पिगाश आत गेला तरी ओबूरने थैली सोडली नाही, म्हणजे ओबूरकडे काही नाही, असं लोक म्हणू लागलेत. बायको सांगत होती. एवढे दिवस मी बसलो ते फुकट घालवू नकोस." त्याने निकेजचे बटण पुन्हा लावून दिले. "जाताना पायरीवर मला शिव्या देत जा. मोठ्याने. कारकुनाला ऐकू गेलं पाहिजे."

निकेजने पायरीवर उभे राहून शिव्या दिल्या. आवाज फाटला. सत्तावीस लिव्र छातीला टोचत होते आणि चार कोस चालून तो ते तसेच घरी घेऊन आला.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या महिन्यात बेलमारच्या बायकांचे जवसाचे सूत विकले गेले. सूत घेणाऱ्या व्यापाऱ्याने पुढच्या सुतावर उचल म्हणून गावाची तूट भरली आणि एकोणिसाव्या दिवशी पिगाश सुटला. निकेजकडून वर्षभरात, दहा-अकरा सू करत, नऊ लिव्र बारा सू निघाले. उरलेले तेरा लिव्र बारा सू त्याच्याकडून येण्यासारखे नाहीत असे ठरले आणि ते बाकीच्या अडुसष्ट घरांवर वाटले गेले, दर घरामागे चार सू. तोमासकाकूने सहा अंडी परत मागितली.

१७०४ च्या यादीत त्याच्या नावापुढे पुन्हा नऊ लिव्र बारा सू आले.

त्या संध्याकाळी निकेजने डागाचा तो कागद पाठकोरा घेतला आणि दोन वर्षांचा हिशोब मांडला. राजाला सहाशे चाळीस मिळाले, दोन्ही वर्षी. अडुसष्ट घरांचे चार सू गेले आणि चार सू आले. त्याचे वाढले आणि उतरले. रूस गोठ्यात होती आणि तिला आता कालवडही झाली होती, पाद्रीबाबांच्या नावावर. जमा आणि खर्च जुळत होते. फक्त पिगाशचे एकोणीस दिवस उरले. ते कोणी दिले आणि कोणाला मिळाले? कोणत्या बाजूला मांडायचे? त्याने ते आधी डावीकडे लिहिले, मग खोडून उजवीकडे. मग कागद घडी करून ठेवून दिला.

"ताई, न्यायाधीशांना हे सगळं माहीत होतं," तो म्हणाला.

"मग थांबवलं का नाही त्यांनी?"

"त्यांनी सहा जणांना कळवलं."

"आणि त्या सहा जणांनी?"

"त्यांनी बहुधा वाचलं नाही. अक्षर चांगलं होतं."

बार्बने दार लावले आणि तवा चुलीवर ठेवला.

सप्टेंबर १७०५ च्या शेवटच्या आठवड्यात, मागच्या यादीची शेवटची वसुली करत, नवे तिघे दारात आले. पिगाश आता त्यांच्यात नव्हता. निकेज ठिगळांच्या कोटात उभा होता. नऊ लिव्र नऊ सू तो भरून चुकला होता. उरलेले तीन सू त्याच्या उजव्या खिशात होते, त्याची बोटे त्यांच्यावर होती, आणि एवढे वर्ष संपताना खाते चुकते करावे असे त्याला मनापासून वाटत होते. आतून बार्ब खोकली.

"चोर आहात सगळे," निकेज म्हणाला. "नोव्हेंबरात, संत मार्तँच्या सणाला या."

तिघे टोप्या न काढता पुढच्या घराकडे वळले.

बेलमारच्या १७०४ च्या यादीवर निकेज ओबूरकडून तीन सू येणे आहे.